जुमाच्या तीन घंटा

जुमा दर रविवारी संध्याकाळी सव्वापाचला माझ्या टेलिफोन बूथवर यायचा, रांग असली तर रांगेत बसायचा, नंबर आला की थेट आफ्रिकेला फोन लावायचा, पलीकडे तीन घंटा वाजल्या की रिसीव्हर खाली ठेवायचा आणि "आभारी आहे" म्हणून निघून जायचा. एक शब्द बोलायचा नाही. एक पैसा द्यायचा नाही.

पहिल्या रविवारी मला वाटलं, लागला नसेल. दुसऱ्या रविवारी वाटलं, घरी कोणी नसेल. तिसऱ्या रविवारी मी त्याला समजावून सांगितलं की थोडा वेळ वाजू द्या, उचलतील. त्यावर तो दचकला आणि म्हणाला, उचलू नये म्हणून तर लगेच ठेवतो.

हे काय प्रकरण आहे ते सांगण्याआधी माझ्याबद्दल दोन वाक्यं सांगतो. आम्ही बागवान. मंडईत आमचा फळांचा गाळा आहे, अब्बांचा आणि त्याआधी त्यांच्या अब्बांचा. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. नोकरी काही लागली नाही, म्हणून मंडईपासून पाच मिनिटांवर, शुक्रवार पेठेत एक बूथ टाकला. पाटीवर पिवळ्या अक्षरांत एस.टी.डी., आय.एस.डी., पी.सी.ओ. आणि त्याखाली 'प्रोप्रा. शकील बागवान, बी.कॉम.' असं लिहून घेतलं. पेंटर म्हणाला, फोनच्या धंद्याला बी.कॉम. कशाला लिहिता, अक्षरामागे पैसे पडतात. म्हटलं, लिही. ती अक्षरं मिळवायला किती पडले ते मला ठाऊक आहे.

तर जुमा. मूळ गाव टांझानियात, समुद्रकिनाऱ्यावर. पुण्यात औषधनिर्माणशास्त्र शिकायला आला होता, चार वर्षांसाठी. उंच, सडपातळ, चालताना मान थोडी पुढे, जणू रस्त्यावर पडलेलं काहीतरी शोधतोय. आणि खरंच शोधायचा. त्याच्या घरी फोन नव्हता. शेजारच्या कापडदुकानात होता. आपल्याकडे रविवारी साडेपाच वाजतात तेव्हा त्यांच्याकडे दुपारचे तीन. त्या वेळी त्याची आई त्या दुकानात, फोनशेजारी स्टुलावर येऊन बसायची. तीन घंटा वाजल्या म्हणजे मुलगा सुखरूप. मग ती उठून घरी जायची. ती फोन कधीही उचलायची नाही. उचलला तर त्याचा अर्थ एकच ठरला होता: घरात कोणीतरी गेलं.

"दीड वर्ष झालं," तो अभिमानाने म्हणाला, "अजून एकदाही उचललेला नाही."

पलीकडे उचलल्याशिवाय मीटर सुरू होत नाही. हा नियम मला बी.कॉम. असूनही धंद्याला इतका घातक कधी वाटला नव्हता.

मी पुणेकर असल्यामुळे बोलून वाईटपणा घेतला नाही. पाटी लावली. 'येथे फोन करणाऱ्यांनी बोलणे अपेक्षित आहे.' पुढच्या रविवारी जुमाने ती पाटी अक्षर अक्षर लावत वाचली. देवनागरी तो तेव्हा दुकानांच्या पाट्यांवरूनच शिकत होता, कारण पाट्या फुकट असतात. वाचून झाल्यावर म्हणाला, "अक्षर फार सुंदर आहे, शकीलभाऊ." मग आफ्रिकेला तीन घंटा वाजवल्या आणि गेला. तिसऱ्या दिवशी मी पाटी काढून टाकली.

एवढी बचत कशासाठी, हे त्याने कधी लपवलं नाही. तिसरं वर्ष संपलं की मे महिन्यात एकदा घरी जायचं. येण्याजाण्याच्या विमानाच्या तिकिटाला त्याची वर्षभराची फी बसेल एवढे पैसे लागत होते, आणि घरून फी सोडून काही येत नव्हतं. निघताना त्याने आईला सांगितलं होतं की मधे एकदा येईन. तेवढ्या एका वाक्यासाठी हा माणूस तीन वर्षं पुण्यात पायी फिरत होता.

पायी म्हणजे पायीच. त्याच्या वर्गातली मुलं एकदा सहलीला खडकवासल्याला निघाली, कोणी स्कूटरवर, कोणी बसने. जुमा पहाटे चारला चालत निघाला. धरणावर मुलं पोचली तेव्हा हा भिंतीवर पाय सोडून बसलेला होता आणि त्याच्या चपला पिशवीत होत्या. पाय घरचे आहेत, चपला विकतच्या, असं त्याचं म्हणणं. मुलांनी कणीस घेऊन दिलं ते खाल्लं, आणि सगळ्यांच्या खाऊन झालेल्या कणसांची बुरकुंडं गोळा करून परत चालत आला.

बुरकुंडं कशासाठी, तर लेलेकाकांच्या बंबासाठी.

आता लेलेकाका. माझा बूथ ज्या दुमजली घराच्या तळमजल्यावर होता, ते घर लेल्यांचं. खाली मी, मधे लेले, आणि वर पत्र्याच्या खोलीत जुमा. लेले सरकारी खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. घरात माणूस एक आणि नियम पन्नास. जुमाला त्याआधी सात ठिकाणी खोली नाकारली होती. कोणी जेवणाचं कारण सांगितलं, कोणी पाहुण्यांचं, एकाने तर वास्तूचं. लेल्यांनी फक्त एवढंच विचारलं की भाडं पहिल्या तारखेला मिळेल का. मिळेल म्हटल्यावर म्हणाले, "मग माणूस आफ्रिकेचा असो नाहीतर सदाशिव पेठेचा. आफ्रिकेचा बरा, वाद घालणार नाही."

हा अंदाज चुकला. लेल्यांचा नियम असा, की खोलीचं भाडं वेगळं आणि पंख्याचं वेगळं. पंखा तुम्ही लावा किंवा लावू नका, तो छताला आहे म्हणजे पैसे द्यायचे. यापूर्वीच्या सगळ्या भाडेकरूंनी कुरकुर केली आणि दिले. जुमाने कुरकुर केली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी लेल्यांनी दार उघडलं तर उंबऱ्यात पंखा. पाती पुसलेली, स्क्रू कागदाच्या पुडीत बांधून वर ठेवलेले. पुडीवर इंग्रजीत 'सहा' असा आकडा.

लेले ते स्क्रू मोजत खाली आले आणि माझ्यासमोर स्टुलावर बसले. मला वाटलं, आज जुमाचं सामान रस्त्यावर येणार. त्यांनी स्क्रू पुन्हा एकदा मोजले. मग म्हणाले, "बी.कॉम., या घरात मी पंचावन्न वर्षं काढली. तो पंखा काढता येतो, हे मला सुचलं नव्हतं."

ते मला बी.कॉम. म्हणायचे. पाटी लागल्या दिवसापासून नावाने कधी हाक मारली नाही.

त्या दिवसापासून त्या दोघांचं एक विचित्र नातं जमलं. दोन पैलवान एकमेकांचे डाव बघतात तसे ते एकमेकांची काटकसर बघायचे. लेले रोज सकाळी आंघोळीला बंब पेटवायचे, आणि त्याच्या सरपणाचा खर्च हे त्यांचं कायमचं दुखणं. जुमाने एक दिवस मंडईतून नारळाच्या करवंट्या आणि मोडक्या टोपल्यांच्या काड्या पोतंभर आणल्या. मंडईत त्या कोणी विचारत नाही. सौदा ठरला: सरपण जुमाचं, बंब लेल्यांचा, गरम पाणी दोघांना एकेक बादली. बादली कोणाची मोठी यावर आठवडाभर चर्चा झाली. शेवटी दोघांनी एकच बादली वापरायची ठरवली, पाळीपाळीने.

मंडईत जुमाला सगळे ओळखायचे. तो मराठी तिथेच शिकला, त्यामुळे त्याच्या बोलण्यात प्राध्यापकांशीही "घ्या की साहेब, शेवटचा वाटा आहे" असा सूर यायचा. दुपारी दोनच्या सुमाराला, गिऱ्हाईक ओसरलं की तो अब्बांच्या गाळ्यावर उभा राहायचा. अब्बांना पिकलेली केळी विकायची सवय. याने मागितली कच्ची. वखारीत पिकायला घालताना घडातून जी सुटी केळी गळतात, ती अब्बा बाजूला टाकत. ती तो घेऊन जायचा, सोलून, नारळ आणि मिरची घालून शिजवायचा आणि भाकरीसारखी पोटभर खायचा. त्याच्या गावी तेच जेवण. एकदा डबा भरून गाळ्यावर आणला. अब्बांनी तीस वर्षं केळी विकली, पण केळ्यांचं जेवण जेवल्याचा अनुभव त्यांना नवा होता. डबा संपवून ते म्हणाले, "बेटा, हे गिऱ्हाइकांना कळू देऊ नको. कच्चीच मागतील."

फुकटची केळी मात्र त्याने फुकट कधी नेली नाही. हा मुद्दा लोक विसरतात, म्हणून लिहून ठेवतो. जाताना तो गाळ्यावरच्या सुतळ्या सोडवून, गाठी काढून, गुंडाळी करून ठेवायचा. फळांच्या टोपल्यांना बांधून येणारी ती सुतळी अब्बा कापून टाकत. जुमाला सुतळी कापलेली बघवायची नाही. "वाया कशाला घालवायचं?" हे त्याचं आवडतं वाक्य. चहाचा शेवटचा घोट, पोस्टकार्डाची उरलेली कड, कॉपी केलेल्या कागदाची मागची बाजू, कशालाही तो ते लावायचा. पुस्तकं तो विकत घ्यायचा नाही. वाचनालयात बसून हाताने उतरवायचा. परीक्षेत त्याला वर्गात सर्वांत जास्त गुण पडत, आणि त्याचंही कारण तो काटकसरच सांगायचा. एकदा लिहिलं की पाठ होतं, मग दुसऱ्यांदा वाचायला दिवा लागत नाही.

लेलेही माझ्याकडे फोनला कधी येत नसत. मी एकदा सहज विचारलं, काका, तुमचे कुठे लांबचे फोन नसतात का. ते वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "फोन करायला पलीकडे कोणी लागतं. ते नाही, ही केवढी बचत. जुमाला सांगू नका, जळेल."

मी हसलो. तेव्हा ते हसण्यासारखंच वाटलं.

असं करता करता तिसऱ्या वर्षाचा फेब्रुवारी आला. तिकिटाची रक्कम जवळजवळ जमली होती. जुमा दिवस मोजायला लागला होता, आणि बाकी गोष्टींत कंजूष असला तरी ते दिवस तो मला रोज सांगायचा.

त्या रविवारी तो नेहमीसारखा आला. बूथ रिकामा होता. लेले खाली वर्तमानपत्र वाचत बसले होते, कारण माझ्याकडे पंखा होता आणि त्याचं बिल मी भरत होतो. अब्बा गाळा बंद करून माझ्याकडे डबा द्यायला आले होते. जुमाने नंबर फिरवला. एक घंटा वाजली. आणि पलीकडून फोन उचलला गेला.

मी काचेच्या बाहेरून बघत होतो. मीटरवर लाल आकडा पडला. जुमाने तो बघितला आणि खट्टकन रिसीव्हर खाली ठेवला.

हात सवयीने गेला होता. अडीच-तीन वर्षं त्या हाताला एकच काम शिकवलं होतं, आकडा पडायच्या आत फोन ठेवायचा. ठेवल्यानंतर मग त्याला कळलं, आपण काय केलं ते. आईने फोन उचलला होता. म्हणजे घरात कोणीतरी गेलं होतं. आणि कोण गेलं, हे सांगायला तिने तोंड उघडायच्या आत त्याने तिचा फोन कापला होता.

तो काचेच्या खोलीतून बाहेर आला. मी न विचारता आत गेलो आणि नंबर परत फिरवला. त्या मार्गावरच्या सगळ्या लाइन व्यस्त आहेत, अशी बाईच्या आवाजात सूचना आली. परत फिरवला. तीच बाई. त्या काळात परदेशी फोन म्हणजे असंच असायचं, हवा तेव्हा लागायचा नाही. जुमा घरातल्या माणसांची नावं घ्यायला लागला, हळू आवाजात, एकेक. वडील. धाकटी बहीण. मामा. आजी. प्रत्येक नावानंतर तो थांबायचा, जणू मंडईतलं फळ अंगठ्याने दाबून बघतोय. ते दुकान तिकडच्या चार वाजता बंद होतं, हेही त्याने सांगितलं. म्हणजे आपले साडेसहा. तोपर्यंत नाही लागला तर उद्यापर्यंत काही कळणार नाही.

अब्बा त्याच्याशेजारी बसले आणि त्याचा हात धरून राहिले. लेल्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. सव्वासहा झाले तेव्हा ते उठून मला म्हणाले, "सरका. तुम्ही फार जोरात फिरवता," आणि स्वतः नंबर फिरवायला लागले. त्या घरात आयुष्य काढलेल्या माणसाने माझ्या बूथवर फोनला हात लावलेला मी पहिल्यांदा पाहिला.

सहा वीसला लागला. जुमा आत धावला. पहिल्याच घंटेला उचलला गेला.

आम्हा तिघांना त्यांची भाषा येत नव्हती. आम्ही नुसते त्याच्या चेहऱ्याकडे बघत उभे. तो काहीतरी विचारत होता, परत परत. मग त्याचे खांदे खाली आले. मग त्याने काच ढकलून डोकं बाहेर काढलं. त्याच्या चेहऱ्यावर असा भाव होता, की कोणीतरी त्याला भर मंडईत दुप्पट भाव सांगितलाय.

"माझं माप विचारते आहे," तो म्हणाला.

कोणीही गेलेलं नव्हतं. मे महिन्यात मुलगा येणार, तर त्याच्यासाठी त्यांच्याकडचा पायघोळ पांढरा झगा शिवून ठेवायचा होता. शिंपी आजच दुकानात आला होता. तेव्हा माप सांग.

आता जुमाला स्वतःचं माप माहीत असण्याचं काही कारण नव्हतं. पुण्यात आल्यापासून त्याने एकही कपडा शिवला नव्हता. मी म्हटलं टेप आणतो, पण रविवारी शिंप्याचं दुकान बंद. अब्बांनी खिशातून सुतळी काढली, जुमानेच गुंडाळून ठेवलेली, आणि त्याच्या खांद्यावर धरली. खांद्यापासून घोट्यापर्यंत एक गाठ. छातीभोवती दुसरी. मग ती सुतळी ते वितीने मोजायला लागले. सात विती आणि चार बोटं.

"कोणाच्या विती?" लेले म्हणाले. "त्या बाईंना तुमचा हात माहीत आहे का, बागवान?"

ते जिना चढून वर गेले आणि एक फुटाची लाकडी पट्टी घेऊन आले. पट्टीवर खात्याचा शिक्का होता. निवृत्त होताना ती चुकून त्यांच्याबरोबर आली होती. मग त्या चिंचोळ्या बूथमध्ये अब्बांनी सुतळी ताणून धरायची, लेल्यांनी पट्टी सरकवत इंच सांगायचे, मी ते कागदावर लिहायचे आणि जुमाने ते फोनमध्ये आपल्या भाषेत सांगायचे, असं सुरू झालं. लेले मधेच आकडा विसरायचे आणि पहिल्यापासून मोजायचे. अब्बा म्हणायचे, लेलेसाहेब, इथे गाठ आहे. लेले म्हणायचे, मला दिसते. मीटर पळत होता. लाल आकडे बघून मलाच कसंतरी झालं, कारण दर मिनिटाला त्या पोराचे कितीतरी दिवसांची पायपीट त्यात जात होती. मी खांद्यावरचा पंचा काढला आणि मीटरवर टाकला.

लांबी सांगून झाली. छाती सांगून झाली. बाही सांगून झाली. आता ठेवेल, असं वाटलं. त्याच्या आईने बाहीचं माप पुन्हा विचारलं. त्याने सांगितलं. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा सांगताना त्याचा आवाज बदलला. मग तो काही बोललाच नाही. रिसीव्हर कानाला लावून, काचेला डोकं टेकून, नुसता उभा राहिला. पलीकडूनही कोणी बोलत नसावं. आम्ही तिघं सुतळी, पट्टी आणि कागद घेऊन बाहेर आलो आणि अब्बांनी दार ओढून घेतलं.

सव्वासातच्या पुढे केव्हातरी तो बाहेर आला. शेजारच्या दुकानदाराने त्या दिवशी दुकान बंदच केलं नव्हतं म्हणे. जुमाने आधी मीटरवरचा पंचा उचलला, घडी घालून मला दिला आणि आकडा वाचला. मी काही कमी करायला लागलो तर म्हणाला, "नको. माझ्या आईच्या फोनमध्ये सवलत नको." वर जाऊन पैसे आणून दिले, सगळे. मग जरा वेळ स्टुलावर बसला.

"माप पत्रानेही विचारता आलं असतं," तो म्हणाला. "पत्राला दोन आठवडे लागतात. मे महिना लांब आहे. तिला हे माहीत आहे."

लेल्यांनी पट्टी काखेत मारली आणि ते जिना चढून वर गेले.

त्या फोनने तिकीट लांबलं. मे ऐवजी जून उजाडला, आणि मधल्या काळात त्याने संध्याकाळचा चहा सोडला. पण तो गेला. कॉलेज सुरू होऊन दोन आठवडे झाल्यावर परत आला तो एक फोटो घेऊन. पांढऱ्याशुभ्र झग्यात जुमा, शेजारी त्याच्या खांद्याला लागणारी आई. झगा लांबीला बरोबर होता, बाह्या मात्र बोटांच्या टोकांपर्यंत आलेल्या. लेल्यांनी फोटो चष्मा वर करून बघितला आणि निकाल दिला की पट्टी बरोबर होती, सुतळी बागवानांनी ढिली धरली.

चौथ्या वर्षी तो पहिल्या वर्गात पास झाला आणि कायमचा परत गेला. जाताना त्याने लेल्यांना करवंट्यांची दोन पोती भरून दिली आणि पंखा परत छताला लावून दिला, सहाच्या सहा स्क्रू घालून. माझ्याकडून बूथचा नंबर कागदाच्या मागच्या बाजूवर लिहून घेतला. निरोपाचं फारसं काही बोलला नाही. बोलण्यातही तो उधळपट्टी करणारा नव्हता.

पुढच्या रविवारी साडेपाचला बूथचा फोन वाजला. मी हात पुढे केला, तोवर तीन घंटा होऊन तो बंद पडला. चुकीचा नंबर असेल म्हणून मी सोडून दिलं. त्याच्या पुढच्या रविवारी साडेपाचला पुन्हा तीन घंटा. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि मी बी.कॉम. असूनही त्याला दोन आठवडे लागले.

मी ते लेल्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. पुढच्या रविवारी सव्वापाचला ते खाली आले आणि जुमाच्या स्टुलावर बसले. तुमच्याकडे पंखा आहे, वाऱ्याला येतो, म्हणाले. वर त्यांच्या स्वतःच्या घरात आता दोन पंखे होते. साडेपाचला तीन घंटा वाजल्या. त्यांनी त्या बोटांवर मोजल्या आणि उठून वर गेले.

असं वर्षभर चाललं. एकही रविवार चुकला नाही, ना तिकडून ना इकडून. ताप होता त्या रविवारीही ते मफलर गुंडाळून आले आणि पंख्याखाली बसले. वरच्या खोलीला नवा भाडेकरू त्यांनी घेतला नाही. चांगला मिळत नाही, म्हणत.

मग एका रविवारी, पहिली घंटा वाजली, दुसरी वाजली, आणि लेल्यांनी फोन उचलला.

पलीकडून तत्क्षणी खट्टकन कापला गेला. लेले रिसीव्हर कानाशी धरून तसेच उभे.

"काका, काय केलंत हे," मी म्हटलं. "त्याच्याकडे उचलण्याचा अर्थ काय होतो, विसरलात का?"

"विसरलो नाही," ते म्हणाले. त्यांनी रिसीव्हर अगदी हळू, दोन्ही हातांनी खाली ठेवला. त्यांचा चेहरा शाळेत मार बसणार असलेल्या मुलासारखा झाला होता. मी वहीत त्या कापडदुकानाचा नंबर शोधायला लागलो. पानं उलटेपर्यंत फोन पुन्हा वाजला आणि पहिली घंटा पुरी व्हायच्या आत लेल्यांनी उचलला.

जुमाचा आवाज एवढा मोठा होता की मला बसल्या जागी ऐकू आला. तो एकच विचारत होता: कोण?

"कोणी नाही," लेले म्हणाले. "अहो, कोणी गेलेलं नाही. बी.कॉम. समोर बसलेत. बागवान मंडईत आहेत. मी लेले बोलतोय."

लेल्यांनी घसा साफ केला.

"त्या झग्याच्या बाह्या," ते म्हणाले. "कमी करून घेतल्या का, एवढंच विचारायचं होतं."

मग जुमाचा आवाज आला, आता अगदी सावकाश. "फोन लागलाच आहे, काका. वाया कशाला घालवायचा? बोला."

लेल्यांनी रिसीव्हरवर हात ठेवला आणि माझ्याकडे वळले.

"बी.कॉम.," ते म्हणाले, "तो तुमचा पंखा जरा बंद करा. ऐकू येत नाही."

मी पंखा बंद केला, बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.